सीरगा-एजेच्या मोज्यातला संगणक

आमच्या कोच्कोर गावच्या बाजारात एक गोष्ट छातीठोकपणे सांगतात: सीरगा-एजे संगणकाला धूप घालते. संगणकावर काही नवं चढवायचं असलं की अर्चा झाडाची वाळकी फांदी पेटवते, यंत्राभोवती तीनदा ओवाळते, आणि मग यंत्र सुतासारखं सरळ चालतं.

साफ खोटं. धुराने पंख्यात काजळी बसते, हे एजेला कोणी शिकवायला नको. ती धूप घालते तिच्याकडे लग्नाची गाणी ध्वनिमुद्रित करायला येणाऱ्या गायकांना. संगणकातलं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवायला दोन तास लागतात, आणि लग्नात गाणाऱ्या माणसाचे हात दोन मिनिटं स्वस्थ राहत नाहीत. धूप फिरत असताना उठून जाणं मात्र कोणालाच बरं वाटत नाही. म्हणून फांदी व्हरांड्यात, गायक व्हरांड्यात, आणि संगणक आत एकटा, सुखात.

एजे म्हणजे थोरली ताई. ही अख्ख्या गावाची. सव्वीस वर्षं तिने टेलिफोन एक्सचेंजात काढली. एक्सचेंज बंद पडलं, पण तिचा आवाज तिथेच राहिला: सपाट, नाकातला, शेवटी किंचित वर जाणारा. "थांबा, लाइन जोडतेय." गायकाचा सूर चुकला तरी हेच, चहाला उशीर झाला तरी हेच. ही नक्कल मी गावभर करत असे.

लग्नाच्या हंगामात ती संगणकात काडीचा बदल करत नाही. नवं काय चढवायचं ते नोव्हेंबरात. तेव्हाही आधी प्रत काढायची आणि ती उघडून ऐकायची. वाजवून न पाहिलेली प्रत म्हणजे रिकामा डबा, असं तिचं म्हणणं. काम चालू असताना इंटरनेटची वायर खिळ्याला टांगलेली.

जूनमधल्या एका गुरुवारी सकाळी कुबात-बायकेचं, म्हणजे कुबातदादाचं, गाणं पुरं झालं. शनिवारी त्याच्या लेकीचं लग्न. गाण्याच्या शेवटी त्याच्या आईच्या दोन ओळी होत्या. त्या गाऊन म्हातारी मेंढ्यांमागे वरच्या कुरणात गेली होती. तिथे फोन लागत नाही, आणि माझे गुडघे आता पुन्हा उतरायचे नाहीत, असं सांगून गेली होती. लग्नाला तिच्या जागी त्या दोन ओळीच यायच्या होत्या.

दुपारी एजे नान आणायला गेली. बायकेला घाटातलं हवामान बघायचं होतं, त्याने खिळ्यावरची वायर जोडली. पडद्यावर चौकट उमटली: नवी आवृत्ती चढवू का? त्याने ती मिटवली. पुन्हा आली. तिसऱ्यांदा आली. आता आमच्याकडे दारातून परतणाऱ्यालाही नानचा तुकडा तोंडाला लावल्याशिवाय सोडत नाहीत, आणि पुढे केलेला नान कोणी नाकारत नाही. चौथ्यांदा नाही म्हणायला बायकेचं मन धजेना. त्याने 'हो' दाबलं.

एजे परतली तेव्हा संगणक नवे कपडे घालून नटून बसला होता, आणि गाण्यांचा प्रोग्राम काही केल्या उघडत नव्हता.

"बिचारं चारदा विचारत होतं, एजे," बायके म्हणाला. "किती वेळा तोंड फिरवायचं?"

"बायकोला इतक्या लवकर हो म्हणतोस का रे?"

त्याने मान खाली घातली. मग हळूच विचारलं, "आई गेली का त्यातून?"

एजेने समोवारात चहाचं पाणी भरलं, निखारे सारखे केले. मला राहवेना. पाणी उकळायच्या आत म्हातारीचा आवाज ऐकवलास तर महिनाभर तुझी नक्कल करणार नाही, असं मी बोलून बसले.

"दे हात," एजे म्हणाली.

तिने पिठाच्या डब्यामागून लोकरीचा मोजा काढला. मोज्यात डिस्क, डिस्कवर अख्ख्या संगणकाची प्रत. सकाळी गाणं पुरं होताच आम्हा दोघांना व्हरांड्यात धुपवत बसवलं होतं ते याचसाठी. बायकेला वाटलं, लेकीच्या लग्नाचा शकुन. मला वाटलं, बाजार म्हणतो तेच खरं. तिने वायर खिळ्याला टांगली, संगणक बंद केला, डिस्क जोडून पुन्हा सुरू केला. यंत्र जुन्याच कपड्यांत जागं झालं, सकाळी होतं तसं, जणू दुपार त्याने पाहिलीच नव्हती.

समोवार नुसता गुणगुणायला लागला होता. तेवढ्यात म्हातारी गायली, चिरक्या आवाजात, मधे एकदा खोकून. खोकलासुद्धा शाबूत. बायके भिंतीकडे तोंड करून ऐकत राहिला.

एजे माझ्याकडे वळली. "लाइन जोडली आहे," ती म्हणाली. "बोला."

पैज तोंडाने नक्कल न करण्याची होती. आज चौदावा दिवस आहे, आणि मी ती पाळतेय. लिहिण्याबद्दल मात्र कोणी काही ठरवलं नव्हतं.