शेवटच्या कडव्यातलं नाव

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही. पोरांना नाही, माझ्यामागं इतकी वर्षं ढोलकी वाजवणाऱ्या माणसालाही नाही. कुणी विचारलंच नाही, मग कशाला बोला — असं म्हणत दिवस काढले. आज तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. का, ते नका विचारू.

तुम्ही मला ओळखत असाल, नसालही. संभाजीनगरात लोकगीतांचा कार्यक्रम असला की बॅनरवर माझा फोटो असतो. इंदूबाई — स्वतः गाणी रचणारी, स्वतः गाणारी. हळदीला बोलावतात, नवरात्रात तर मला श्वास घ्यायला फुरसत नसते. आणि टँकरचं गाणं म्हटल्याशिवाय कुणी स्टेजवरून उतरू देत नाही.

आमचं घर गोंधळ्याचं. आबांचं, माझ्या वडिलांचं, संबळ वाजायला लागलं की अख्खी आळी गोळा व्हायची. आम्ही दोघी बहिणी दाराआडून ऐकत शिकलो, बायांनी बाहेर गायचं नाही असाच शिरस्ता होता. घरात एक नियम मात्र कडक होता. गाणं कुणाचंही म्हणा, पण शेवटच्या कडव्यात ज्यानं रचलं त्याचं नाव असतं, त्याला हात लावायचा नाही. आबांचा एका गोंधळ्याशी जन्माचा अबोला होता. त्याचंही गाणं आबा म्हणायचे, आणि त्याचं नाव आलं की कानाच्या पाळीला बोट लावायचे. आता आलं ना लक्षात, मी कुठं चाललेय ते?

थोरली गोदाआक्का बिडकीनजवळ दिली. मी शहरात आले, नवरा कंपनीत लागला होता. मग ती दुष्काळाची वर्षं आली. आक्का टँकरच्या रांगेत तासन्‌तास उभी राहायची आणि उभ्या उभ्या गाणी रचायची. बाया हसायच्या, रडायच्या, भांडायचं विसरायच्या. मी तिच्याकडं गेले तेव्हा त्या रांगेतच तिनं मला ते टँकरचं गाणं म्हणून दाखवलं. शेवट असा होता —

*डोईवरलं पाणी हिंदकळं, भिजवी पदर काठाला*
*गोदा म्हणे, पाऊस यंदा एवढाच आला वाट्याला*

अंगावर काटा आला माझ्या. आणि खरं सांगू? त्याच क्षणी पोटात जळलंही. माझा गळा तिच्यापेक्षा गोड, सगळे म्हणायचे. पण मला असं एक कडवं कधी सुचलं नाही. आजतागायत नाही.

आमच्या कॉलनीतल्या पहिल्या कार्यक्रमात मी ते म्हटलं. निवेदकानं आपल्या मनानंच ठोकून दिलं की इंदूबाईंनी स्वतः रचलेलं गाणं. मी गप्प राहिले. शेवटचं कडवं आलं आणि तोंडातून गेलं — इंदू म्हणे.

घाबरले होते, निसटलं, असं मी स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते, साफ खोटं! आदल्या दिवशी नळाला पाणी आलं होतं, आणि पिंपं भरता भरता मी तेच कडवं घोळवत होते. गोदाच्या जागी इंदू बसतं का, ताल मोडतो का. मोडत नव्हता. अगदी चपखल बसत होतं. मेलं बसलं नसतं तर?

टाळ्या थांबेनात. पुढं स्टुडिओत गाणं रेकॉर्ड झालं, सगळ्यांच्या मोबाईलवर गेलं. इकडं शहर चहूबाजूंनी वाढत होतं, नव्या कॉलन्या, नवी मंडळं, आणि जिकडंतिकडं मीच.

एका वर्षी आक्का कार्यक्रमाला आली. पहिल्या रांगेत, नवं लुगडं नेसून. शेवटचं कडवं जवळ येत होतं. आज म्हणू का तिचं नाव? कुणाचं काय जाणार होतं? पण लोकच माझ्याआधी ओरडले, इंदू म्हणे! आणि मी त्यांच्या सुरात सूर मिसळला. ती टाळ्या वाजवत होती.

नंतर मागं येऊन म्हणाली, "लई ग्वाड म्हणलीस गं. माझं नाव इथं कुणाला ठावं हाय? बरं केलंस."

तिनं माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मी काय केलं? तिला चहा दिला.

एकदा, एकदाच, मी प्रयत्न केला. एका हळदीत धीर करून म्हटलं, गोदा म्हणे. लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, सोताचं नाव इसरल्या काय!" ढोलकीवालाही हसला. मीही हसले, आणि ती ओळ पुन्हा म्हटली, इंदू घालून. ते गाणं माझ्या हातात राहिलेलंच नाही. की हेही मी सोयीचंच बोलतेय?

परवा बिडकीनला गेले होते. तिच्या घरामागं आता शेत नाही, रुंद डांबरी रस्ता आहे, रिकामा, दोन्ही बाजूंना दिवे लावलेला. आक्का थकलीय. म्हणाली, नवं केलंय, ऐकतीस का? रस्त्याखाली गेलेल्या वावराचं गाणं होतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. शेवटचं कडवं आलं आणि ती शांतपणे म्हणाली — इंदू म्हणे.



"तुझंच घातलंय आधीपासून," ती म्हणाली. "तुला बदलायची तसदी नगं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी शोधला, खरंच शोधला. नव्हता. आक्का, तुझं नाव घाल गं — एवढं म्हणायला काय लागत होतं?

मग मी म्हटलं, "मधलं कडवं नीट ऐकू नाही आलं, परत म्हण."

तिनं परत म्हटलं, सावकाश, मला पाठ होईपर्यंत. येत्या रविवारी मी ते स्टेजवर म्हणणार आहे.