हलिनाची तर्जनी

सुमेधा करंदीकर इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका हॉस्पिटलात हँड थेरपिस्ट होती. कापलेली, शिवलेली बोटं पुन्हा हलती करायची, हे तिचं बावीस वर्षांचं काम. त्याच कामाची तिला अलीकडे भीती वाटायची, हे मात्र तिचा नवरा शशिधर सोडला तर कुणालाच माहीत नव्हतं. चार वर्षांपूर्वी एका बेकरीवाल्याचं जोडलेलं टेंडन, म्हणजे बोट वाकवणारी आतली दोरी, तिच्या हातात असतानाच तुटलं होतं. चूक तिची नव्हती, सर्जनने तसं लेखीही दिलं होतं. पण तो बारीकसा ‘टच्’ आवाज तिच्या कानातून जाईना.

फेब्रुवारीत हलिना आली, डाव्या तर्जनीचं टेंडन कापलेलं. मूळची पोलंडची, पन्नाशीची, लेस्टरमध्ये वर्कशॉप. तिची आजी मेंढ्यांची लोकर कातरायच्या भल्यामोठ्या कात्रीने कागदाची झाडं नि कोंबडे कापायची. कागद दुमडायचा आणि पेन्सिलीची रेघही न मारता कात्री चालवायची. ईस्टर आला की गावातल्या भिंती त्या नक्षीने भरून जायच्या. हलिना तीच नक्षी जाड फेल्टमध्ये, म्हणजे लोकर दाबून केलेल्या कापडात कापायची, छताला टेकतील एवढे पडदे करायची. वॉर्सातला एक डिझाइन स्टुडिओ ते पडदे नव्या इमारतींमध्ये लावत असे. पोलंडमधल्याच ग्दिनिया शहरातल्या एका लायब्ररीचा पडदा अर्धा झाला असताना कात्री सटकली.

“सहा आठवडे स्प्लिंट काढायचा नाही,” बोटाला आधाराची पट्टी बसवत सुमेधाने बजावलं. “व्यायाम मी सांगेन तेवढेच. त्या हाताने काहीही धरायचं नाही.”

पाचव्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी, हलिनाचा फोन आला. “मी स्प्लिंट काढला होता. थोडाच वेळ. बोटात काहीतरी टच् झालं.”

सुमेधा म्हणाली, “हात जराही हलवू नका. टॅक्सीने या.”

हलिना येईपर्यंतची चाळीस मिनिटं संपता संपेनात. सुमेधाने टेबल पुसलं, पुन्हा पुसलं. मग शशिधरला फोन लावला.

“तुटलं असेल तर तिचा हातच गेला रे. कदाचित मीच व्यायाम लवकर वाढवले असतील.”

“आधी बघ तरी,” तो म्हणाला. “न बघता तू स्वतःला कशाला शिक्षा देतेस?”

हलिना आली ती पांढरीफटक पडलेली. सुमेधाने तिच्या तर्जनीचा मधला भाग चिमटीत धरला. आता फक्त टोक वाकवायचं. वाकलं, तर टेंडन शाबूत. “टोक वाकवा,” ती म्हणाली.

टोक हललं नाही.

“घाबरून बोट आवळू नका. पुन्हा.”

या वेळी टोक जरासं हललं. मग आणखी थोडं. सुमेधाने स्टूल ओढलं आणि ती त्यावर बसली. संध्याकाळी सोनोग्राफीत दिसलं की टेंडन टिकून होतं. जखम भरताना टेंडनला आत धरलेली एक चिकटण तेवढी सुटली होती.

“का काढलात स्प्लिंट?” तिने रागाने विचारलं.

हलिना खाली बघत म्हणाली, “हात नक्षी विसरला असेल तर, या भीतीने. थोडं कापून बघितलं. शेवटी शेवटी आजीचा हात सगळं विसरला होता. तिच्याजवळ बसून शिकलेली मी एकटीच.”

सुमेधाचा राग तिथेच विरला. तिने हलिनाकडून आजीचा जुना व्हिडिओ मागून घेतला आणि दोनतीनदा पाहिला. उजव्या हातातली कात्री जवळजवळ जागची हलत नव्हती. वळत होता तो कागद, डाव्या हाताच्या हलक्या चिमटीत. फेल्ट ओढायला जोर लागतो, पातळ कागदाला लागत नाही. सर्जनला विचारून तिने नवव्या आठवड्यात क्लिनिकमध्येच रंगीत कागद आणला. हलिना कापत होती तोवर सुमेधाने टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती. कान त्याच आवाजाकडे. तो आला नाही. कागदातून एक वाकडंतिकडं झाड निघालं.

बोट पुढेही पुरतं वाकलं नाही. जाड फेल्ट हलिनाला धरवेना. मग ती कागद कापून वॉर्साला पाठवू लागली आणि तिकडे लेझरचं मशीन त्यावरून फेल्ट कापू लागलं. पहिला नमुना आला तेव्हा तिला रडू आलं; कडा जळल्यासारख्या, मेल्यासारख्या. शिवाय स्टुडिओवाले तिची वळणं कॉम्प्युटरवर सफाईदार करून घेत होते. “माझं बोट जिथे अडलं तिथे तसंच अडू द्या,” तिने कळवलं. त्यावर दोन महिने वाद चालला. अखेर तिचंच झालं आणि ऑक्टोबरात लायब्ररीत पडदा लागला.

शेवटच्या भेटीत सुमेधाने तिला बेकरीवाल्याची गोष्ट सांगितली. पेशंटला असं सांगायचं नसतं, हे कळत असूनही.

“तुम्ही घाबरता हे मला ठाऊक होतं,” हलिना म्हणाली. “दर वेळी तुमचे हात बर्फासारखे गार असायचे. मला वाटायचं, ही घाबरलीय म्हणजे नीट बघेल.”

सुमेधाने डिस्चार्जच्या कागदावर सही केली आणि बाहेर बसलेल्या पुढच्या पेशंटला आत बोलावलं.