तळी नासल्याचं मी सांगितलं

आमच्या गावात एका बाईला लोक अजूनही सुनेला उपाशी ठेवणारी सासू म्हणतात. ती तशी नव्हती. खोटं मी बोललो होतो, आणि इतकी वर्षं तिची निंदा ऐकत बसलो.

माझी धानाची बांधी गावतळ्याच्या वरच्या अंगाला आहे. त्या वर्षी तुडतुड्यावर औषध मारलं आणि दुसऱ्याच दिवशी, पाणी जास्त झालं म्हणून, बांधीचा धुरा, म्हणजे कडेचा बांध, फोडला. ते पाणी तळ्यात उतरलं. सकाळी काठाशी मासोळ्या उलट्या तरंगत होत्या.

ही बाई तळ्यावर जाळं टाकून पोट भरणारी. टोपली घेऊन माझ्याकडेच आली. सुनेला सहावा महिना होता.

"काहो भाऊ, हे का झालं? तुमी पेपर वाचता. माही सून मासोरीबिगर घास गिरत नाही. देऊ का नोको?"

मी म्हणालो, "पेपरात आलं हाये. पानी खराब झालं. तरे, बोड्या, साऱ्याच नासल्या. पोटुशीले तं बिलकूल देऊ नोको."

तळ्याचंच नाव घेतलं असतं तर बोट माझ्या बांधीकडे वळलं असतं. म्हणून पलीकडची बोडी, म्हणजे लहानसं तळं, तीही जोडली. तिकडे माझं पाणी जातच नव्हतं.

तिनं माझा शब्द पाळला. घरात भात आणि मिरचीची चटणी, कधीमधी वरण. सून रडली की दटावायची, "लेकरू पायजे का मासोरी?" दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, रक्त फार कमी आहे. बाळ दिवस भरण्याआधी आलं आणि दोन दिवसांत गेलं. माहेरचे सासूला नको ते बोलले आणि मुलीला आपल्या गावी, एकोडीला घेऊन गेले. ती परतली नाही.

मासोळीनं बाळ वाचलं असतं का, मला माहीत नाही.

गेल्या महिन्यात सासूला सगळं सांगितलं. ती जाळं सांधत होती. मान वर न करता म्हणाली, "मले कायले सांगून राहिले? तिले सांगा."

एकोडीला गेलो. सून धानाच्या रोवण्याहून आली होती, पाय चिखलाचे. मी सांगितलं ते तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"तऱ्याची मासोरी किती दिवस नोयती खावाची?"

"काही हप्ते. पक्कं मलेही मालूम नाही."

"अन् बोडीची?"

"बोडीची खाता आली असती. पहिल्या दिवसापासून."

ती ओसरीवर बसली. "मी बोडीवर जाऊन बसो. बुढी हात धरून ओढत घरी आणे." मग विचारलं, "जित्ती हाये ना बुढी?"

"हाये."

ती उठली आणि पायांचा चिखल धुवायला लागली.