साबण वाळेपर्यंत

श्रीगजाननाला आणि वाग्देवीला वंदन करून, आमच्या वस्तादांच्या वर्षश्राद्धानिमित्त हे चार शब्द लिहीत आहे.

क्रांती चौकाजवळच्या त्यांच्या केशकर्तनालयात एक दंडक होता. राजकारण बोलताना ज्याचा आवाज चढेल, त्याच्या तोंडाला आधी साबण लागे. गालावर वस्तरा असता मनुष्य बोलू शकत नाही. तेवढा वेळ विरुद्ध पक्षाने बोलायचे, याने ऐकायचे. मग जागांची अदलाबदल. "सरकार कुणाचं बी येऊ द्या," वस्ताद म्हणत, "दाढी रोज वाढती, अन् नळाला पाणी चौथ्या दिवशी!" यावर मात्र सर्वपक्षीय हशा होई.

चिकलठाण्यात कारखाने उभे राहत होते आणि विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर दुभंगले होते. कारखान्यात फिटर असलेले माझे शेजारी साळवे नामांतराच्या बाजूचे. जुने नाव कशाला बदलायचे, हा माझा हेका. एकदा ओट्यावर शब्दाने शब्द वाढला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांची सुमन माझ्याकडे संस्कृत शिकायला येईनाशी झाली. मुलगी बुद्धिमान होती, परीक्षा जवळ आली होती. तिचे रिकामे बसकर मला रोज दिसे.

हे वस्तादांच्या कानी गेले असावे. रविवारी दुकानात शिरलो, तर बाकावर साळवे. मी मागे फिरणार, तोच वस्तादांनी मला खुर्चीत बसवून ब्रश फिरवला. "बोला साळवे. गुरुजी आता कुठं पळत नाय."

साळवे म्हणाले, "गुरुजी, पोथी उघडायच्या आधी तुम्ही गुरूचं नाव घेता. आमच्या घरात पहिली पाटी ज्यांच्यामुळं आली, त्यांचं नाव शिकायच्या जागेला असावं, एवढंच म्हणणं हाय."

माझ्या ओठांवर आलेली उत्तरे फेसात विरली. वस्ताद मुद्दामच सावकाश वस्तरा चालवीत होते. प्रत्येक पाठाआधी गुरुवंदना म्हणणाऱ्या मला ही गोष्ट कधी सुचली नव्हती.

मग साळव्यांना साबण लागला. "हं गुरुजी, तुमची पाळी. हाणा!"

मी म्हणालो, "उद्या सुमनला पाठवा. तिचं बसकर मी उचललेलं नाही."

"अन् नामांतराचं?"

"त्याला अजून एक दाढी लागेल, वस्ताद."

साळव्यांना हसू आवरेना. वस्ताद ओरडले, "हलू नका, कान जाईल!"

एक नव्हे, पाच-सहा दाढ्या लागल्या. पण नामांतराच्या अर्जावर सही करायला मी साळव्यांसोबतच गेलो.

गतवर्षी वस्तादांची वाचा गेली. आम्ही दोघे भेटीस गेलो, तेव्हा त्यांचा मुलगा त्यांच्या गालांना साबण लावीत होता. आम्ही निवडणुकीवरून नेहमीसारखे भांडलो. ते ऐकत होते, डोळ्यांनी हसत होते. साबण वाळून गेला, तरी आम्हांला थांबवेना.

वाचकहो, तुमच्या घरी अन्न आणि आरोग्य नांदो, नळाला रोज पाणी येवो. आणि ज्याच्याशी पटत नाही, त्याच्यासाठीही तुमच्या ओट्यावर एक बसकर सदैव अंथरलेले असो.