भट्टीच्या वहीतला आकडा

१४ फेब्रुवारी. ग्राफीन, म्हणजे कार्बनची अतिबारीक पूड, मिसळून भट्टीत भाजलेल्या ॲल्युमिनियमच्या वड्या मी पॉलिश पेपरवर घासत होते. तिसरी वडी बिस्किटासारखी हातातच मोडली.

आमच्या जळगावच्या कॉलेजात भट्टी सांभाळणारा माणूस शेजारीच उभा होता. तो जामनेरहून येतो. भट्टीला ‘अक्का’ म्हणतो आणि ती तापत असली की जेवायलाही हलत नाही. त्याचा हेका मला कधी आवडला नाही.

“जास्ती तपनं ना मॅडम,” तो म्हणाला. “ॲल्युमिनियमनी ग्राफीन खाई टाकं. आते बठ्ठं, सगळंच, ठिसूळ कार्बाइड शे. मोडीनच.”

आदल्या दिवशी घाईपायी विभागप्रमुखांनी स्वतःच आच ठरलेल्या साडेपाचशेऐवजी साडेसहाशे अंशांवर नेली होती. आता ते आत येऊन त्याला म्हणाले, “वहीत साडेपाचशेच लिही. पावडर खराब निघाली म्हणू.”

त्याने पेन उघडलं आणि ठळक आकड्यात ६५० लिहिलं.

“तुझं कंत्राट जूनमध्ये माझ्याच टेबलावर येतं, माहीत आहे ना?”

“येऊ द्या सर. अक्का जेवढी तपनी, तेवढंच लिखसू.” त्याने शाईवर फुंकर मारली आणि वड्या आवरायला लागला.

सर माझ्याकडे वळले; वहीतल्या नोंदीखाली सही माझी लागते. “मॅडम, ते पान फाडा. सही करू नका.”

मी वही मिटून माझ्या टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आकड्याखाली सही केली, पानाची झेरॉक्स प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली आणि भट्टीवाल्याला वड्यांची नवी खेप साडेपाचशेवर लावायला सांगितली.