ठेकेदाराचं कॉलेज

नणंदेने माझ्या पोरीच्या ओटीत नारळ टाकला आणि मी तो उचलून तिच्या हातात परत दिला.

ओटीत पडलेला नारळ आमच्यात कोणी बाहेर काढत नाही. अपशकुन तर होतोच, अपमान त्याहून मोठा. नवरा भिलाईच्या स्टील प्लांटातून पहिली पाळी करून नुकताच आला होता, बुटाच्या नाड्याही सोडल्या नव्हत्या. पोरगी पाटावर पदर पसरून तशीच बसून राहिली.

"वयनी, काय करून राहिली तू?" नणंद म्हणाली.

"परत देऊन राहिली, बाई. मायी पोरगी कॉलेजात जाते."

"कोनत्या कॉलेजात? सरकारीनं तर घेतलं नाई म्हंते तिले."

ते खरं होतं. पोरगी मॅट्रिक पास झाली तेव्हा नवऱ्याने घरात सांगून टाकलं होतं की रायपूरच्या सरकारी कॉलेजात सायन्सला नंबर लागला तर शिकेल, नाही तर बहिणीच्या घरी जाईल. भावाच्या पोरीवर बहिणीच्या पोराचा पहिला हक्क, ही आमच्या कुणब्यांतली जुनी रीत. भाचा वाईट नव्हता. भंडाऱ्याकडे शेती होती, दारूला शिवत नव्हता. पण पोरीला ते लग्न नको होतं आणि मलाही नको होतं. मी स्वतः चौथीतून उठून बोहल्यावर चढले. पाचवीचं पुस्तक कसं असतं ते पुढे पोरीच्या दप्तरात पाहिलं.

सरकारी कॉलेजात जागा थोड्या, मार्कवाले पोरं फार. पोरीचा नंबर लागला नाही. ती दोन दिवस जेवली नाही. मी म्हटलं, उपाशी राहून नंबर लागत असेल तर मीही राहते. मग तिला घेऊन प्रायव्हेट कॉलेजं पाहायला निघाले. नवऱ्याला सांगितलं की रायपूरला शेजारणीच्या बहिणीकडे चाललो.

पहिलं कॉलेज एका दुकानाच्या माडीवर होतं. पाटी मोठी, तिच्यावर सायन्स लिहिलेलं. पोरीचे डोळे तिथेच अडकले. साहेब फार गोड. काहीही विचारा, "सब हो जाएगा, माताजी." मी म्हटलं, प्रयोगाची खोली दाखवा. खोलीला कुलूप. चावी ज्याच्याकडे, तो गावी गेलेला. जिन्याखाली नळावर एक पोरगी पाणी पीत होती, तिला विचारलं, बाई, ही खोली उघडते कधी? ती हसायला लागली. "जब जाँच वाले आते हैं, चाची."

पोरगी तरी म्हणाली, "माय, इथंच घेऊ. सायन्स तर हाये."

"पाटीवर हाये," मी म्हटलं. "चल."

दुसरं कॉलेज चांगलं होतं. मास्तर शिकवत होते, पोरी नीट बसलेल्या. पण वर्ग दुपारी भरायचे आणि सुटेपर्यंत संध्याकाळची गाडी निघून जायची. पुढच्या गाडीने अंधार पडल्यावर घर. ते नवऱ्यालाही चाललं नसतं आणि मलाही नाही. हॉस्टेल आमच्या आवाक्यात नव्हतं. पोरगी गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली ती भिलाई येईपर्यंत.

तिसरं दुर्गात. लहान पोरांच्या शाळेतच सकाळी कॉलेज भरायचं. शाळेची पोरं आली की कॉलेजवाल्यांनी उठायचं. बाकं एवढी बुटकी की मोठ्या पोरींचे गुडघे वर यायचे. सायन्स नाही, फक्त आर्ट्स. पण मी व्हरांड्यात उभी राहिले आणि घंटा झाल्यावर प्रत्येक खोलीत मास्तर गेलेला पाहिला. पोरींसाठी संडास वेगळा होता, आत जाऊन पाहिला, पाणी होतं. परीक्षा कोण घेतं ते विचारलं. विद्यापीठ घेतं, पेपर सरकारी कॉलेजाचाच, असं तिथल्या बाबूने सांगितलं. बसने सकाळी जा, दुपारच्या जेवणाला घरी या.

पोरगी फाटकाबाहेर रडली. "मले सायन्स पायजे होतं."

"मलेही पाचवी पायजे होती. सायन्स रायपूरले राह्यलं. तुयी आत्या येत्या आठवड्यात येऊन राहिली. आज जे हाताले येते ते घेतं का नाई, ते सांग."

तिने नाक पुसलं आणि आत जाऊन नाव लिहून दिलं. मी तिची समजूत काढली नाही. काढण्यासारखं काही नव्हतं. सायन्स गेलं ते गेलंच.

म्हणून त्या दिवशी नणंदेने विचारलं तेव्हा मी सांगितलं, "दुर्गाच्या कॉलेजात. प्रायव्हेट."

आता नवरा उठला. "प्रायव्हेट? म्हंजे ठेकेदाराचं?"

भिलाईत तेव्हा माणसं दोनच जातीची होती. एक प्लांटची, पक्की. दुसरी ठेकेदाराची, कच्ची. ठेकेदाराचा माणूस आज आहे, उद्या नाही. सकाळी मजूर कामावर यावेत आणि ठेकेदारच तंबू गुंडाळून पसार, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं. नवरा मोठ्या खटपटीने पक्का झाला होता. सरकारी नसेल ते सगळं त्याला तंबूसारखंच दिसायचं.

"उद्या कुलूप लावून पळाले तर?" तो म्हणाला. "डिगरी कोन मानंल? लोक हसतीन मले. पक्क्या मानसाची पोरगी ठेकेदाराच्या कॉलेजात!"

"हसतीनच," नणंद म्हणाली. "दे तो नारळ इकडं."

नारळ तिच्याच हातात होता. रागात तिला ते कळलं नाही.

मी नवऱ्याला विचारलं, "तुमी ज्या फर्नेसवर काम करता, तिच्या पायात काँक्रीट कोनं टाकलं?"

तो बुटाची नाडी सोडायला वाकला.

"ठेकेदाराच्या रेजांनी, मजूर बायांनी टाकलं. घमेले डोक्यावर घेऊन. मी होती त्याच्यात, पोटात पोर होतं तवा बी होती. काम सरलं, ठेकेदारानं आमाले हाकलून देल्लं. पाया पळाला का आमच्या संगं? का फर्नेस म्हंते, मी कच्चं लोखंड देते, माया खाली ठेकेदाराचं काम हाये?"

"फर्नेसची गोष्ट येगळी."

"कावून येगळी? परीक्षा सरकारीच हाये, इचारून आली मी. शिकवनारा कोनाचाही राहो."

"तू पाहून आली? कवा?"

"शेजारनीच्या बहिनीकडं गेली होती ना, तवा."

पोरगी पाटावर हसली. मी तिच्याकडे डोळे वटारले, हसायची वेळ नव्हती ती.

ताट वाढलेलं होतं, नणंद त्याला हात न लावताच उठली. पायात चपला घालताना भावाला म्हणाली, "बाबू, तुया घरात आता बायकोचीच पाळी चालते. पयली, दुसरी, रातची, तीनही."

त्याला ते लागलं. महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही. पोरीला जा म्हणाला नाही आणि जाऊ नकोही म्हणाला नाही. बसपर्यंत मीच सोडायला जायची. पाळीतले लोक त्याला विचारायचे, पोरगी काय करते, तर सांगायचा, "ठेकेदाराकडं लागली." हसणं आधी त्यानेच उरकून घेतलं.

कॉलेज पळालं नाही. पोरगी बी.ए. झाली, इंग्रजीत पहिल्यांदा नापास होऊन मग पास झाली. पुढे शाळेत मास्तरीण झाली. सायन्स शिकवायला मिळालं नाही याचा राग तिने आजही सोडलेला नाही, आणि तो ती माझ्यावर काढते. काढू दे. मला त्याचं काही वाटत नाही. तेव्हा पुन्हा निवडायला सांगितलं असतं तरी मी तिला त्याच बुटक्या बाकावर बसवलं असतं.

नणंद पुन्हा माझ्या हातचं जेवली नाही. पुढे ती वारली. भाच्याचं चांगल्या घरी लग्न झालं, नातवंडं पाहून तोही गेला. नवरा रिटायर होऊन काही वर्षं इथेच राहिला आणि इथेच गेला. मी आहे आणि पोरगी आहे.