ताऱ्यावरल्या माणसाच्या टाचा

…तर वर्धमान आण्णा घोंगड्यावर पालथे पडले होते आणि अर्जुना काही केल्या त्यांना लाथ मारायला तयार होईना, इथवर आपण काल आलो होतो.

वर्धमान आण्णा म्हणजे सांगलीचे हळदीचे व्यापारी. पोतं सरकवताना कमरेत उसण भरली. औषधं झाली, लेप झाले, पण ताठ उभं राहता येईना. शेवटी कुणीतरी सांगितलं, वडूजच्या अंगाला एका वाडीत अर्जुना म्हणून पायाळू आहे, त्याची लाथ लागू पडते. पायाळू म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी पाय पुढं करून आलेला. अशा माणसाच्या पायाला गुण असतो म्हणतात. आण्णा मोटार करून निघाले आणि वाकलेलेच अर्जुनाच्या अंगणात उतरले.

"आवं आण्णा, तुमी वडील माणूस. तुमास्नी पाय कसा लावू?" अर्जुना हात जोडून उभा.

"अरे बाबा, सांगलीपासून हाडं खिळखिळी करत आलोय ते तुझी नम्रता बघायला? हाण!"

मग अर्जुनानं काय करावं? आधी आण्णांच्या पायावर डोकं ठेवलं, क्षमा मागितली आणि मग डावी टाच त्यांच्या कमरेवर तीनदा टेकवली. आण्णा कण्हत कण्हत उठले आणि बघतात तो ताठ! मोटारीत बसता बसता म्हणाले, "बापाच्या पुष्कळ लाथा लागल्या होत्या रे मला. लागू पडली ती तुझीच पहिली."

ह्या अर्जुनाला त्याच्या आईनं, अंबूबाईनं, तळहातावर वाढवलं. जन्मला तेव्हा सुईण ओरडली होती, "बाय, ह्यो तर चालतच आला!" अंबूबाई हसली, पण मनात भीती बसली ती बसलीच. पायाळूवर वीज पडते म्हणतात. आभाळ जरा काळवंडलं की ती बांधावरून हाक मारायची, "आर्जुनाऽ, घरात ये!" पोरं गारा वेचत असायची आणि हा कणगीमागं बसलेला. थोरला सयाजी मात्र मोकळा. ढगात हिंडायचा, विहिरीत उड्या टाकायचा, वेळ आली तेव्हा पलटणीत भरती झाला. अर्जुनालाही जायचं होतं. अंबूबाईनं जाऊ दिलं नाही. एक बाहेर असला तर एक घरात पाहिजे, असा तिचा हिशेब.

एकाहत्तरच्या लढाईत सयाजी गेला. तार आली, पुढं त्याची ट्रंक आली. सयाजी आला नाही. तिकडंच सगळं उरकलं होतं. अंबूबाई रडली ती गावासमोर रडली, पण एक गोष्ट ती फक्त अर्जुनाजवळ बोलायची. "त्यो पडला तवा कसा पडला आसंल रं? जवळ कोन व्हतं का न्हाई?" मग ती पदरानं डोळे पुसून कामाला लागायची.

अशात सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात पुण्याची माणसं आली. टेलिव्हिजनवर लहान मुलांसाठी एक गोष्ट दाखवायची होती. कुठल्याशा ताऱ्यावर माणसं राहतात आणि आपला एक शास्त्रज्ञ तिथं जाऊन पोचतो, अशी. त्यांना तो तारा पाहिजे होता. आपला माळ बघून डायरेक्टर साहेब टाळ्या पिटायला लागले. "काय जागा आहे! एक झाड नाही, गवताची काडी नाही!" खटावच्या माळावर खूश झालेला माणूस वाडीनं पहिल्यांदाच बघितला.

ताऱ्यावरची रयत म्हणून वाडीतली दहा माणसं घेतली. चंदेरी कापडाचे अंगरखे, चंदेरी बूट आणि डोक्यावर चंदेरी कागद चिकटवलेली वेताची पाटी, बघायला पुढं दोन भोकं. लालासाहेब, ज्याचा गावात एकुलता एक ट्रक होता आणि ट्रक हाकून धरलेली कंबर घेऊन जो सारखा अर्जुनापुढं पालथा पडायचा, तो रांग बघून म्हणाला, "ही कसली ताऱ्यावरची मानसं! बाजाराला निघाल्याल्या कोंबड्या वाटत्यात." पाट्या घातल्यावर कोण कुठला ते घरच्यांनासुद्धा कळेना.

दुसऱ्या दिवशी डायरेक्टर साहेबांच्याच कमरेत उसण भरली. कॅमेऱ्यापाशी वाकायचं निमित्त झालं. रांगेतून अर्जुनाला बोलावलं, बूट काढायला लावले, साहेब पालथे पडले. गुण आला. साहेब उठून बसले आणि अर्जुनाच्या पायांकडं बघतच राहिले. मोठे, पसरट, टाचांना अशा भेगा की पावसाविना तडकलेली काळी जमीनच.

"उद्या एक जण मेलेला दाखवायचाय," साहेब म्हणाले. आधी गुंडाला निजवून बघितलं होतं. गुंडा चांगला धिप्पाड गडी, पण मेल्यावर त्याला हसू यायचं, पोट हलायचं. "तू करशील?"

अर्जुना चरकला. "साहेब, घरी आई हाय. ती बघंल."

"तोंडावर पाटी आहे की. कोण ओळखणार?"

हे त्याला पटलं. शिवाय त्या दिवशी वाडीतल्या बाकीच्यांना सुट्टी होती, भोवती होती ती पाट्या घातलेली पुण्याचीच माणसं. तो बूट काढून उन्हात तापलेल्या मुरमावर उताणा पडला. मुंगळा चावला तरी हलला नाही. पाटीच्या भोकांतून त्याला नुसतं आभाळ दिसत होतं. कॅमेरा कुठं आहे ते काही दिसलं नाही. काम झाल्यावर साहेबांनी त्याला मिठी मारली. "काय पाय आहेत तुझे! शास्त्रज्ञ वाकून बघतो आणि म्हणतो, अरे, हा परक्या ताऱ्याचा माणूस, पण टाचा तर आपल्याच! पडदाभर घेतल्यात."

अर्जुनानं घाईघाईनं बूट चढवले. गावाला त्याचे पाय माहीत होते ते पाठीवर. डोळ्यांनी कुणी निरखले नव्हते. पण आई? एक लेक कसा पडला ते बघायला मिळालं नाही म्हणून जी झुरते, तिनं दुसऱ्याला असा पडलेला बघायचा?

घरी गेल्या गेल्या अंबूबाईनं विचारलं, "तुझं काम काय रं त्यात?"

"उभं ऱ्हायाचं. डावीकडनं तिसरा."

अंबूबाईनं ते पाठ केलं. दळणाला, पाण्याला, बाजाराला, भेटेल त्याला सांगितलं, "आमचा डावीकडनं तिसरा."

दिवाळीनंतर निरोप आला, अमुक दिवशी संध्याकाळी ती गोष्ट दाखवणार. वाडीत कुठला टेलिव्हिजन? लालासाहेबाचा मेव्हणा फलटणकडं साखर कारखान्यात होता. तिथल्या क्लबात संच होता, माडीवर उंच पाइप बांधून अँटेना चढवलेली, हवा बरी असली की पुण्याचं दिसायचं. लालासाहेबानं ट्रक काढला.

अर्जुनानं शेवटचा प्रयत्न करून बघितला. "आये, तू नगं येऊ. टरकात बसून कंबर धरंल."

"धरली तर तू हाईस की," म्हणून अंबूबाई सगळ्यांच्या आधी ट्रकात चढून बसली.

क्लबात जाजमावर सगळे दाटीवाटीनं बसले. अर्जुनाला आईशेजारीच जागा मिळाली. त्यानं मांडी घालून पाय धोतराखाली ओढून घेतले. संच सुरू झाला. आधी नुसत्या मुंग्या. मग त्या मुंग्यांतून हळूहळू आपला माळ वर आला आणि वाडीनं एकच कल्ला केला. पाट्या घातलेली रांग दिसली. "डावीकडनं तिसरा!" अंबूबाईनं बोट केलं. अर्जुनानं मान हलवली.

मग तो पडलेला माणूस आला. आधी लांबून. मग शास्त्रज्ञ चालत गेला, वाकला आणि एकदम दोन तळपाय अख्ख्या पडद्यावर.

"आरं, ह्यो कोन?" मागून कुणीतरी ओरडलं.

"पुण्याचा आसंल."

"गप ए! पुण्याच्या मानसाच्या टाचा आशा आसत्यात व्हय?"

"लालासाब, तुमी वळखा."

"मी कसा वळखू गड्या? मी पाय कवा बघितल्यात कुनाचं? आमी आपलं पालथं पडून मार खानारं!"

सगळे हसले. अर्जुनाही हसल्यासारखं करत होता. तेवढ्यात त्याच्या गुडघ्याखाली काहीतरी चाचपडलं. अंबूबाईचा हात. नजर तिची पडद्यावरच. हात धोतराच्या आत गेला, त्याची डावी टाच सापडली आणि तिनं ती मुठीत धरली. पडद्यावर त्या मेलेल्या माणसावर चंदेरी कापड पांघरत होते आणि इकडं त्याची टाच आईच्या मुठीत घामेजत होती. गोष्ट संपेपर्यंत तिनं ती सोडली नाही.

शेवटी नावं आली. लालासाहेब मोठ्यानं वाचत होता, लेखक, संगीत, वेशभूषा. सगळी पुण्याची. वाडीतलं एकही नाव नाही. नावं संपली, बातम्या लागल्या, तरी दोघेतिघे बातम्यांतसुद्धा आपलं नाव येईल म्हणून बसून होते.

परतताना ट्रकात वाद रंगला. नावं दिली नाहीत तर आपली आपण लावू, असं ठरलं. चालताना खांदा पाडतो तो अमका, पाटी सारखी वर ढकलतो तो तमका. एकेक ताऱ्यावरचा माणूस वाडीतल्या घरात पोचवला जात होता. डावीकडनं तिसऱ्यापाशी गाडं अडलं.

"त्यो मी!" गुंडा उसळला. "उभ्या वाडीला ठावं हाय. मी काय हितं भाड्यानं आलोय का?"

"अंबू आत्ती तर म्हनत्यात आर्जुना व्हता."

सगळे अर्जुनाकडं बघायला लागले. तिसरा नाही म्हणावं तर मग कुठला, ते सांगावं लागणार. तेवढ्यात अंबूबाईच म्हणाली, "तिसरा गुंडाच. म्या बघितला. पोट हलतंय त्याचं."

"मग आर्जुना कुठला, आत्ते?"

"त्यो नव्हताच आज. त्याचं काम कापलं म्हनं पुन्यात."

ट्रकभर चुकचुकाट झाला. लालासाहेबानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "जाऊ दे गड्या. तुझा पाय कापला आसता तर आमचं हाल कुत्र्यानं खाल्लं नसतं." आणि तो मेलेला माणूस पुण्याचा, असं एकमतानं ठरवून टाकलं. वाडीतल्या नऊ जणांची ती मोठी ओळख झाली. पुढं कित्येक दिवस त्यांना कुणी ना कुणी चहा पाजत होतं. दहावा त्यात नव्हता. अर्जुनाला वाईट वाटलं, वाटणारच. साहेबानं मिठी मारली होती ती त्यालाच. पण आईनं असं का सांगितलं, हे त्याला कळत होतं. आपला लेक मेलेला होता, हे तिला चार माणसांत तोंडानं म्हणायचं नव्हतं.

त्याचं खरं भय पुढंच होतं. आता आई रडंल, सयाजीचं काढंल, महिनाभर जेवणार नाही, असा त्याचा अंदाज होता.

सकाळी तो वैरण घेऊन आला तेव्हा अंबूबाई अंगणात सूप घेऊन जोंधळा पाखडत होती. डोळे कोरडे होते. तिनं त्याला समोर बसायला सांगितलं.

"हलला न्हाईस अजाबात," ती म्हणाली.

"आये, मला सांगायचं व्हतं…"

"मी काय रागं भरले का? म्या डोळं भरून बघितलं." तिनं सूप खाली ठेवलं. "त्याचं बघाय मिळालं न्हाई, तुझं मिळालं. लेकराच्या आंगावर कापड टाकत्यात, ते बघितलं. जवळ मानसं व्हती, वाकून बघत व्हती. बरं वाटलं मला."

कोंबड्या सुपाजवळ आल्या, त्या अर्जुनानं हुसकल्या.

"एक इचारू?" अंबूबाई म्हणाली. "त्याला इचारता आलं न्हाई म्हून तुला इचारते. खोटं सांगू नगंस. तसा पडल्यावर मनात काय येत व्हतं रं?"

मग अर्जुनानं जे सांगितलं, ते असं:

"आये, भ्या न्हाई वाटलं बघ. भुई तापल्याली व्हती, पन आभाळ लय मोठं दिसत व्हतं. दुखत-खुपत कायबी नव्हतं. फकस्त एकच सारखं मनात येत व्हतं, की तू माझ्यापायी जेवायची थांबली असशील, तर कुनीतरी घराकडं जाऊन तुला सांगावं, जेवून घे म्हनावं."